‘माझं नशीब’ आणि ‘तिचं नशीब’

गावातल्या वाचनालयात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एखाद्या जुन्या कादंबरीवर बोलतो. गेल्या खेपेला हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ होती. बोलणं शेवटाकडे आलं तेव्हा एक निवृत्त शिक्षिका चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “काय बाई नशीब घेऊन जन्माला आली होती यमू!” सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. चहा झाला, खुर्च्या उचलल्या, दिवे मालवले. रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर मात्र ते वाक्य मला टोचायला लागलं. या कादंबरीच्या नावातच एक प्रश्न आहे आणि तो देवाला विचारलेला नाही. त्यातला ‘कोण’ हा माणूस आहे. सव्वाशेहून जास्त वर्षं तो प्रश्न आपल्या दारात उभा आहे, आणि आम्ही शिकलेल्या माणसांनी ‘नशीब’ म्हणून पाच मिनिटांत त्याची बोळवण केली होती.

त्या बोळवणीविरुद्ध मला लिहायचं आहे. नशीब असं काही नसतंच, असं माझं म्हणणं नाही. ताप येतो, पूल वाहून जातो, भरल्या घरातून कर्ता माणूस उठून जातो. खरी कादंबरी हे नाकारू शकत नाही. पण नशीब घाव घालतं एवढंच. त्या घावाने माणसाने किती मोडायचं, हे भोवतालची माणसं ठरवतात. या दोन गोष्टी कादंबरीकाराने निरनिराळ्या करून दाखवल्या की एकाच चिखलात कालवल्या, यावर मी त्याचं मोठेपण जोखते. आपट्यांनी त्या निरनिराळ्या केल्या. आम्ही वाचकांनी पुन्हा कालवल्या.

कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० ते १८९३ या काळात क्रमशः आली. यमू पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी, आणि आपली कहाणी ती स्वतःच सांगते. भाऊ तिच्यावर जीव टाकणारा. आई जाते. लग्न होतं, सासर सनातनी, पण नवरा, रघुनाथराव, शिकलेला आणि मनाचा मोठा. तो तिला वाचायला शिकवतो. दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात आणि तिथे तिला सुखाचे दिवस दिसतात. मग रघुनाथराव जातात. यमू सासरी परत येते, आणि सासरच्या शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचं बळजबरीने केशवपन होतं. त्यानंतर ती फार दिवस जगत नाही.

आता यात नशीब कुठे आहे ते बघू. रघुनाथरावांचा मृत्यू हे नशीब. त्या काळात धडधाकट माणूस चार दिवसांच्या दुखण्याने जायचा आणि त्याला कोणाचाच इलाज नसायचा. पण वस्तरा? तो आकाशातून पडला नाही. कोणीतरी न्हाव्याला निरोप धाडला, कोणीतरी दार लावून घेतलं, कोणीतरी तिला धरून ठेवलं.

याच कादंबरीत एक पुरावा आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही. यमूची आई जाते तेव्हा तिचे वडील विधुर होतात. म्हणजे यमराजाने बापाला आणि लेकीला दिलेला घाव एकच आहे, जोडीदाराचा मृत्यू. बाप पुन्हा बोहल्यावर चढतो. लेक वस्तऱ्याखाली बसते. घाव एक आणि निकाल दोन. नशिबाने तर दोघांना सारखंच मापलं होतं. फरक केला तो दैवाने नव्हे, घरातल्या आणि आळीतल्या माणसांनी. आपटे हे कुठे भाषण देऊन सांगत नाहीत. दोन प्रसंग एकाच कादंबरीत ठेवतात आणि गप्प राहतात. त्या गप्प राहण्यात त्यांची कला आहे.

दुसरा पुरावा दुर्गीचा. यमूची ही मैत्रीण, त्याच वयाची, तशाच घरातली. यमूला नवरा चांगला मिळाला आणि दुर्गीला वाईट. दोघींपैकी कोणीच निवडला नव्हता. हे नशीबच म्हणायचं, आणि यमूचं मुंबईतलं सुखही तितकंच नशिबाचं म्हणायला हवं. पण मग विचारायला नको का, की एका मुलीचं सगळं आयुष्य एकाच चिठ्ठीवर का टांगलेलं असावं? तिच्या हाती शिक्षण नाही, पैसा नाही, माहेरी कायमचं परतायची सोय नाही, दुसरं दार नाही. जिथे माणसाला एकच दार असतं तिथे त्या दारामागे काय निघेल याला नशिबाचं रूप येतं. चार दारं असतील तर त्यातलं एक बंद निघणं ही नुसती अडचण असते. नशिबाचा जोर बंद दारांच्या संख्येवर वाढतो, आणि दारं बंद करणारे हात माणसांचे असतात.

म्हणूनच मुंबईची प्रकरणं मला या कादंबरीचा गाभा वाटतात. पुष्कळ वाचक ती शेवटाच्या दुःखाआधीचा विसावा म्हणून वाचून सोडून देतात. पण सुख कशाचं बनतं हे तिथे उघडं करून ठेवलंय. यमू सुखी होते ती कोणी वर दिला म्हणून नव्हे. तिला अक्षर येतं. नवऱ्याशी मोकळेपणी बोलता येतं. चार समविचारी घरांत जाणं-येणं असतं. डोळ्यांत तेल घालून चुका शोधणारं कोणी आसपास नसतं. एवढंच. ही यादी इतकी साधी आहे की ती कोणालाही देता आली असती. पुण्याच्या घरात दिली नाही, मुंबईच्या बिऱ्हाडात मिळाली. ग्रह तेच, कुंडली तीच, फक्त बिऱ्हाड बदललं.

या कादंबरीतली एक गोष्ट मला खटकते, तीही सांगते. शंकरमामंजी फार दुष्ट आहेत. ढोंगी, कपटी, पैशाचे लोभी. असा खलपुरुष सापडला की वाचकाची सुटका होते. सगळा राग त्याच्यावर काढता येतो आणि आपण त्याच्यासारखे नाही म्हणून निवांत झोपता येतं. ‘नशीब’ म्हणून सुटका करून घेणं आणि ‘एक नीच माणूस’ म्हणून सुटका करून घेणं, या सख्ख्या बहिणी आहेत. खऱ्या आयुष्यात त्या खोलीचं दार बाहेरून लावणारी माणसं बहुतेक वेळा दुष्ट नव्हती. ती पापभीरू होती, प्रेमळही होती, आणि रडत रडत ते करत होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या वडिलांची एक आत्या आमच्याच घरात राहायची. आम्ही मुलं तिला आत्याआजी म्हणायचो. चौदाव्या वर्षी ती विधवा झाली होती. माझ्या आठवणीत ती तांबड्या आलवणात आहे, पदर कपाळापर्यंत ओढलेला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली. घरातला सगळा स्वयंपाक तिच्या हातचा, पण हळदीकुंकवाला बायका यायच्या तेव्हा ती मागच्या पडवीत जाऊन बसायची. कोणी जा म्हणत नसे. पाच-सहा वर्षांची असताना मी तिला विचारलं होतं, “आत्याआजी, तुझे केस कुठे गेले?” आईने मला मागून चिमटा काढला. आत्याआजी हसली आणि म्हणाली, “नशिबाने नेले गं बाई.”

पुढे कळत्या वयात मला कळलं की ते नशीब मागच्या दाराने यायचं. काखेत न्हाव्याची धोपटी असायची. त्याला निरोप माझे पणजोबा धाडायचे, आणि पणजोबांचं आपल्या या लेकीवर सगळ्या मुलांपेक्षा जास्त प्रेम होतं, असं सगळेच सांगतात. मला ते खोटं वाटत नाही. म्हणूनच ते जास्त भयंकर आहे.

आत्याआजीच्या तोंडी ‘माझं नशीब’ हे शब्द मी पुष्कळदा ऐकले. ते म्हणताना तिच्या आवाजात कडवटपणा नसायचा. दिवस ढकलायला हाताशी धरलेली ती काठी होती. घरातली बाकीची मंडळीही तोच शब्द वापरायची, फक्त सर्वनाम बदलून. ‘तिचं नशीब.’ मला वाटतं, सगळा प्रश्न या सर्वनामात आहे. सोसणारा म्हणतो ‘माझं नशीब’, तेव्हा तो स्वतःला सावरत असतो, कधी दुसऱ्याला माफही करत असतो. त्याचा तो हक्क आहे. सोसायला लावणारा म्हणतो ‘तिचं नशीब’, तेव्हा तो आपले हात धुवत असतो. शब्द एकच, पण एका तोंडी तो धीर आहे आणि दुसऱ्या तोंडी पळवाट.

गीतरामायणातली ती ओळ आपल्या सगळ्यांच्या कानात आहे: ‘दैवजात दुःखे भरता दोष ना कुणाचा’. लहानपणापासून ती ऐकताना माझे डोळे भरून येतात, आजही येतात. पण ती ओळ कोणाच्या तोंडी आहे ते विसरू नये. राज्य गेलेला, वडील गमावलेला राम ती म्हणतोय, आणि अपराधी भावनेने पिचलेल्या भावाला मोकळं करण्यासाठी म्हणतोय. हीच ओळ कैकेयी म्हणाली असती तर? शब्द जसेच्या तसे ठेवून त्यांचं सगळं सौंदर्य नासलं असतं. आणि वाल्मीकींनी लक्ष्मणालाही जागा दिली आहे, हेही लक्षात ठेवावं. अयोध्याकांडात राम वनवासाला दैव म्हणतो तेव्हा लक्ष्मण संतापून सांगतो की भ्यालेला, वीर्यहीन माणूसच दैवामागे जातो. दैव मानणाऱ्या रामाशेजारी दैव झिडकारणारा लक्ष्मण उभा करूनच आपली परंपरा पुढे आली. आपण त्यातला एकच आवाज जपला, कारण तो सोयीचा होता.

आपट्यांची कादंबरी क्रमशः येत होती त्याच काळात, १८९१ साली, लंडनच्या एका साप्ताहिकात टॉमस हार्डीची ‘टेस’ येत होती. दोन लेखक, दोन देश, मधे सात समुद्र. आणि दोघांच्या पुढ्यात एकच प्रश्न, निरपराध मुलीचं सुख कोण हिरावून घेतं? हार्डी नशिबाचा मोठा लेखक मानला जातो. टेस रात्री गाडी हाकत निघालेली असते आणि धाकट्या भावाला तारे दाखवत सांगते की काही तारे निरोगी असतात आणि काही किडके, आणि आपण किडक्यावर राहतो. थोड्याच वेळात तिला डुलकी लागते, समोरून टपालाची गाडी येते, घरचा एकुलता एक घोडा मरतो. पोट चालवण्यासाठी तिला ज्या घरी जावं लागतं तिथे अॅलेक तिच्यावर अत्याचार करतो. पुढे लग्नाआधी ती एंजलला सगळं लिहून कळवते, तर दाराखालून सरकवलेलं ते पत्र गालिच्याखाली जातं. वाचक हळहळतो, म्हणतो, एवढासा गालिचा, आणि केवढा घात!

मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या गालिच्यावर फार चिडले होते. आता वाटतं, गालिच्याने काहीच केलं नाही. लग्नाच्या रात्री दोघंही एकमेकांपाशी कबुली देतात. एंजल स्वतःचं एका बाईबरोबरचं पूर्वीचं प्रकरण सांगतो आणि टेस ते त्याच क्षणी माफ करते. मग टेस आपलं सांगते. तिच्या गोष्टीत तर तिचा अपराधच नव्हता. एंजल तिला सोडून जातो. पत्र वेळेवर मिळालं असतं तर तो लग्नाआधी गेला असता, एवढाच फरक. टेसला मोडलं ते पुरुषाला एक माप आणि बाईला दुसरं, या न्यायाने. घाव एक, निकाल दोन. पुण्यात जे तेच टेसच्या वेसेक्समध्ये.

हार्डीलाही हे पुरतं कळत होतं. टेसच्या गावची माणसं आपसांत ‘व्हायचंच होतं ते’ असं म्हणत राहतात हे सांगून तो पुढे लिहितो की करुण आहे ते हेच. पण शेवटी, टेसला फाशी दिल्याचा काळा झेंडा तुरुंगावर चढतो तेव्हा, त्याच्या लेखणीतून वाक्य येतं की देवांच्या अधिपतीचा टेसशी चाललेला खेळ संपला. इथे मला हार्डीशी भांडावंसं वाटतं. तो झेंडा देवाने चढवला नव्हता, पगारी नोकराने दोरी ओढली होती. शेकडो पानं ज्याने माणसांची नावं घेतली, त्याने शेवटच्या परिच्छेदात आकाशाकडे बोट दाखवलं. ते वाक्य त्याने रागाने लिहिलं, देवाच्या न्यायाची खिल्ली म्हणून लिहिलं, असं जाणकार सांगतात आणि त्यात तथ्य असेलही. पण राग असो की खिल्ली, बोट वरच जातं. आपटे कलावंत म्हणून हार्डीपेक्षा उणे असतील. त्यांचं गद्य पसरट आहे आणि ते पुष्कळदा उपदेशाला बसतात. पण त्यांचं बोट शेवटपर्यंत माणसांच्या उंचीवरून हललं नाही, आणि या एका बाबतीत मी त्यांना हार्डीच्या वर बसवते.

“कादंबरी वेगळी, आयुष्य वेगळं,” असं कोणी म्हणेल. तर त्याच वर्षांतलं एक खरं आयुष्य बघू. गोदूबाई ही कोकणातली मुलगी. लहानपणी लग्न झालं, लहानपणीच वैधव्य आलं, केशवपनही झालं. म्हणजे दैवाने यमूपेक्षाही आधी आणि कडक घाव घातला. पण १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि गोदूबाई तिथे शिकायला गेल्या. एक दार उघडलं. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी, स्वतः विधुर असलेल्या गृहस्थांनी, त्यांच्याशी पुण्यात लग्न केलं. त्या आनंदीबाई झाल्या, पुढे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या, आणि म्हातारपणी त्यांनी ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र दिलं. छळ सुटला नाही. कर्व्यांच्या गावच्या, मुरुडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. पण ज्या वर्षी ‘करमणूक’मध्ये यमूची कहाणी संपली त्याच वर्षी गोदूबाईंची दुसरी कहाणी सुरू झाली. दोघींच्या कपाळावर सटवाईने एकच अक्षर लिहिलं होतं म्हणायचं, तर गोदूबाईंच्या कपाळावरचं ते कोणी पुसलं? रमाबाईंनी, कर्व्यांनी आणि स्वतः गोदूबाईंनी.

आणखी एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. त्याच महाराष्ट्रात, त्याच वर्षांत, पुष्कळ ब्राह्मणेतर जातींत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत होता. कुठे त्याला मोहतूर म्हणत. लग्नाइतका मान त्याला नव्हता, आणि प्रतिष्ठा हवी म्हणून काही घराण्यांनी ती चाल टाकूनही दिली होती. तरीही बाईला दार होतं. एका आळीत नवरा गेलेली मुलगी दोन वर्षांनी दुसऱ्या घरी नांदत होती, आणि पलीकडच्या आळीत तिच्याच वयाची मुलगी आलवण नेसून अंधाऱ्या खोलीत बसलेली होती. ब्रह्मदेव लिहिताना आळी बघून लिहितो काय? नसेल लिहीत, तर या दोघींच्या आयुष्यातलं अंतर ब्रह्मलिखित नाही. ते जातीने आखलं आणि जातीनेच राखलं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो प्रसंग १८९० चा. कादंबरी छापायला लागली त्याच वर्षी मुंबईतले न्हावी एकत्र जमले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं. सत्यशोधक कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव या संपाशी जोडलेलं आहे. जी गोष्ट शेकडो वर्षं ‘तिचं नशीब’ म्हणून चालली होती तिला हात होते, आणि त्या हातांनी एके दिवशी वस्तरा खाली ठेवला. शास्त्री शास्त्र काढत बसले होते, सुधारक लेख लिहीत होते, १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा चौतीस वर्षं कागदावर पडून होता; आणि ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं त्यांनी सरळ सांगितलं की हे आमच्याकडून होणार नाही. प्रथा एका दिवसात थांबली नाही, हे मला माहीत आहे. माझ्या आत्याआजीचा जन्म त्यानंतरचा. पण नशीब संप करू शकत नाही. संप झाला, म्हणजे ते नशीब नव्हतं.

आता आक्षेपाकडे येते, कारण तो हलका नाही. त्या दिवशी वाचनालयातून निघताना मी हे थोडंसं बोलून दाखवलं, तेव्हा एक वारकरी गृहस्थ म्हणाले, “ताई, सगळं माणसांवर ढकललंत तर सोसणाऱ्याने रात्र कशी काढायची? आलिया भोगासी असावे सादर, हे नुसतं शब्दांपुरतं नाही.” त्यांचा तरुण मुलगा काही वर्षांपूर्वी गेलाय, हे मला माहीत होतं. मी उलट उत्तर दिलं नाही. ज्याचं लेकरू गेलं त्याला कारणं दाखवायला जाऊ नये. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकोबांनी ‘बरी या दुष्काळे पीडा केली’ असं म्हटलं, आणि ते म्हणायचा अधिकार त्यांनी भोगून मिळवला होता. पण तेच तुकोबा ‘नवसे कन्यापुत्र होती, तरि का करणे लागे पती’ असंही विचारतात. म्हणजे जे टळण्याजोगं नव्हतं ते त्यांनी पदरात घेतलं, आणि जिथे माणसाचा हात होता तिथे त्याचं नाव घेतलं. मला हवंय ते एवढंच. कोणाचं सांत्वन हिसकावून घ्यायचं नाही. फक्त ज्याने दार लावलं त्याला त्या सांत्वनात वाटा मिळू नये.

आणि तो वाटा आजही रोज दिला जातो. कुठलंही वर्तमानपत्र उघडावं. रस्त्यावरच्या खड्ड्यात दुचाकी आदळून मुलगा जातो आणि मथळा असतो ‘काळाचा घाला’. कठडा नसलेल्या विहिरीत पोर पडतं, तो ‘दुर्दैवी अंत’. गटारात उतरलेले कामगार गुदमरून जातात, तिथे ‘नियतीने डाव साधला’. हे शब्द लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. डेस्कवर रात्री अकराला सुचतात ते हेच शब्द. पण मथळ्यात काळ आला की खड्डा निघून जातो. खड्ड्याचा ठेका असतो, ठेक्याला तारीख असते, तारखेखाली सही असते. काळाला सही नसते. म्हणून तर तो सगळ्यांना आवडतो.

कादंबरी वाचायची ती यासाठी, असं मला वाटतं. बातमी आपल्याला शेवट दाखवते. कादंबरी शेवटाआधीची तीनशे पानं दाखवते, आणि त्या पानांत प्रत्येक वळणावर एखादा माणूस उभा असतो जो वेगळं वागू शकला असता. यमूचा बाप, सासरची बायकामाणसं, न्हावी, शेजारी. इतकं सगळं वाचूनही आपण शेवटी ‘नशीब’ म्हणणार असू तर आपण शेवटचं पान तेवढं वाचलं.

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात, १७ मे रोजी, राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. कोरोनाच्या दोन लाटांत कितीतरी तरण्याताठ्या पोरी विधवा झाल्या होत्या. त्या दुःखाचं ओझं ताजं होतं. ठरावाने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. ठराव झालेल्या गावांतही दहाव्याला बांगड्या फुटल्या असतील, आणि ज्या बाईला स्वतःच कुंकू नको वाटलं तिच्यावर ते लावायची सक्तीही व्हायला नको. पण त्या ठरावाची भाषा मला फार महत्त्वाची वाटते. गावाने मृत्यूबद्दल काही म्हटलं नाही. मृत्यू आपल्या हातात नाही हे गावाला माहीत होतं. त्यानंतर माणसं जे करतात तेवढ्यावर त्यांनी बोट ठेवलं. बांगडी आपोआप फुटत नाही, कोणीतरी ती फोडतं, आणि ते कोणीतरी म्हणजे आपण, असं एका अख्ख्या गावाने लिहून दिलं. आपट्यांच्या ‘कोण’ला उत्तर मिळायला एकशे तीस वर्षं लागली.

आत्याआजी १९८३ साली गेली. तिच्या पेटीत दोन आलवणं, एक जपमाळ आणि माझी पहिलीची अंकलिपी निघाली. ती हरवली म्हणून मी शाळेत मार खाल्ला होता. अंकलिपीच्या मागच्या कोऱ्या पानांवर पेन्सिलीने अ, आ, इ, ई गिरवलेलं होतं. अक्षर कापरं, मोठं, ओळीबाहेर जाणारं. ‘ऌ’पर्यंत येऊन थांबलेलं. घरात आम्ही सहा जण शाळेत जाणारे होतो, दोघे तर मास्तर होते. ती केव्हा गिरवत होती हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि तिला शिकवायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याला मुलगी झाली. पाचवीच्या रात्री आमच्याकडे रिवाज आहे तसा पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. मला ती रात्र आवडते, दिवा तेवत असतो, बायका जागत बसतात, आणि मी तिच्याविरुद्ध नाही. सकाळी कागद कोराच होता, दरवेळी असतो तसा. भाचेसून उठली, तिने तो कागद घडी घालून बाळंतपणाच्या फायलीत ठेवला, आणि दोन दिवसांनी नर्सबाई आल्या तेव्हा त्याच्यावर लशींच्या तारखा उतरवून घेतल्या. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. तो कागद आता त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे, आणि दोन तारखांपुढे बरोबरची खूण झाली आहे.